विहीणबाई, बंड्या आता ओढत नाही

विहीणबाई,

तुम्ही गेल्यावर गिरगावात तुमच्या चाळीच्या हॉलमध्ये सगळे जमले होते, तेव्हा मलाही दोन शब्द बोला म्हणाले. तुमच्या ऑफिसातल्या एक बाई तुमच्या टापटिपीबद्दल बोलल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, चाळीतलं पाण्याचं भांडण आता कोण मिटवणार. मी उठलो, माइक हातात घेतला, आणि परत देऊन खाली बसलो. मला सांगायचं होतं ते कुत्र्याचं होतं. लोक पांढरे कपडे घालून बसलेत, समोर तुमचा हार घातलेला फोटो, तिथे मी बंड्याचं काय सांगू? घरी आल्यावर मेघना म्हणाली, आबा, बोलता येत नाही तर लिहा. तुमच्या लेकीचं कोण मोडणार. लिहितोय. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचा.

आपलं नातं तसं लांबूनच नमस्कार करायचं. व्याही आणि विहीण. सणाला फोन, लग्नकार्यात मानाचा नारळ, तब्येत कशी, बरी आहे, संपलं. तुम्ही लेकीला भेटायला लालबागला यायचात. खुर्चीच्या कडेला बसायचात, जणू कोणी उठवणारच आहे. पर्समधून स्वतःची पाण्याची बाटली काढायचात. मेघनाने चहा विचारला की आत्ताच घेतला म्हणायचात. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. आमच्या कोकणातही ती होती, पण मुंबईत आल्यावर आम्ही ती गिरणीच्या भोंग्यात कुठेतरी सोडून दिली. मला त्याचा राग यायचा. विम्याच्या ऑफिसात तुम्ही टेबल सांभाळलं, साहेब लोक तुम्हाला वचकून असायचे, आणि मी गिरणीच्या साचेखात्यात, मागावर जन्म घालवलेला माणूस तुम्हाला सांगतोय की सोडा हो हे, तर तुम्ही बाटलीचं झाकण लावत म्हणायचात, "राहू द्या, व्याहीबुवा. माझी आई माझ्याकडे असंच वागली."

मी म्हणायचो, मग तुमच्या आईचंही चुकलंच. यावर तुम्ही हसायचात. उत्तर नाही द्यायचात. असा माणूस वादात फार त्रास देतो.

बंड्या घरात आला तो वाईट दिवशी आला. दुसऱ्या वेळेलाही मेघनाला दिवस गेले होते आणि टिकले नव्हते. त्यानंतरच्या तपासणीहून ती आणि संदेश परत येत होते, तर परळला एका टपरीच्या मागे पोत्यावर हे पिल्लू कुडकुडत पडलेलं. तिने टॅक्सी थांबवली. संदेश काही बोलला नाही. माझा मुलगा माझ्यासारखा नाही, त्याला कुठे गप्प बसायचं ते कळतं. घरी आली तेव्हा पिल्लू तिच्या ओढणीत होतं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी होतं. हसू नाही म्हणणार मी. पण काहीतरी होतं. मी कुत्र्यामांजरांचा माणूस नव्हे. घरात जनावर नको असं मी कायम सांगत आलो होतो. त्या दिवशी नाही सांगितलं.

पिल्लू होतं तोवर सगळ्यांचं लाडकं होतं. मग ते वाढायला लागलं. आई गल्लीतली, बाप कोण देव जाणे, पण बाप बैलाएवढा असणार. पट्टा लावून खाली नेलं की लिफ्टचं दार उघडायच्या आत हा बाहेर. वॉचमन बाजूला व्हायचा. एका सकाळी पुलाखालच्या सिग्नलला त्याला मांजर दिसलं. मेघनाने साखळी हाताला गुंडाळून घेतली होती, ती सोडायलाही वेळ मिळाला नाही. तोंडावर आपटली, गुडघे फुटले. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय.

गुडघे बरे झाले. पण ती खाली जायची थांबली. आज नको, उद्या बघू, असं करत करत खाली जाणं बंदच झालं. काम कॉम्प्युटरवरचं, घरात बसून होतं. भाजी फोनवर येते. बाहेर पडायचं कारण म्हणजे एक बंड्या होता, तेही गेलं. एक दिवस जेवताना संदेश म्हणाला, बदलापूरला मित्राचं घर आहे, मागे मोकळी जागा आहे, दिवाळीच्या आत याला तिकडे देऊ. मला वाटलं ही भांडेल. ती म्हणाली, "बरं." आणि ताट उचलून आत गेली. त्या "बरं"ने मला झोप लागली नाही.

सकाळी मी जाहीर केलं की कुत्रा कुठे जाणार नाही, मी त्याला सरळ करतो. म्हणजे मला काय येत होतं? ओढणं. गावाला होळीच्या वेळी दोरीखेच व्हायची, तिच्यात मी शेवटचा गडी, कमरेला दोर बांधून. मी बंड्याची साखळी तोकडी धरली आणि तो पुढे गेला की हिसका मारायचो. रव रे मेल्या, खंय चल्लंस. आमच्या मालवणीत रव म्हणजे थांब. सगळ्या फूटपाथला कळलं रव म्हणजे काय, याला नाही. तो खोकायचा आणि जास्त जोराने ओढायचा. मीही जोर लावायचो. असे आम्ही दोघे मासळीबाजाराच्या दिशेने निघालो होतो, माझी एक चप्पल मागे राहिलेली, आणि समोर तुम्ही बसमधून उतरलात.

थांबलात, चष्मा नीट केलात, आणि म्हणालात, "व्याहीबुवा, फिरायला कोण निघालंय? तुम्ही की तो?"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला तिथेच दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. पण तुम्ही मागे जाऊन माझी चप्पल उचलून आणलीत, माझ्या पायाजवळ ठेवलीत. व्याह्याची चप्पल विहीणबाईंनी उचलायची म्हणजे आमच्याकडे अनर्थ. मी घाईने चपलेत पाय सरकवला. तेवढ्यात तुम्ही साखळी हातातून काढून घेतलीत.

तुमच्याकडे पूर्वी कुत्री होती, हे मला तेव्हा कळलं. राणी नावाची. तुमच्या यजमानांनी आणलेली आणि मग तुम्हालाच फिरवावी लागलेली. म्हणालात, तिनेही आधी मला सगळ्या गिरगावात फरफटवलं. मग आम्हा दोघींना अक्कल आली. मी म्हटलं, जनावराला मालक कोण ते कळलं पाहिजे. तुम्ही म्हणालात, "तुम्ही ओढलंत की त्याला वाटतं, खेळ सुरू झाला. आणि त्या खेळात तोच जिंकणार. त्याला चार पाय आहेत."

मग करू काय, मी विचारलं.

"काही करू नका. तो ओढायला लागला की उभे राहा. लेकीच्या लग्नात मान नीट झाला नाही म्हणून मांडवाच्या दारात उभे होतात ना? माझ्या भावाने पाय धरले तरी पाऊल आत टाकलं नाहीत. अगदी तसे उभे राहा. फक्त तेव्हा बोलत होतात, इथे बोलायचं नाही."

तुम्ही ती गोष्ट इतकी वर्षं मनात ठेवली होतीत आणि काढलीत ती कुत्र्यासाठी. लग्नात माझं बरोबर होतं, हे मी आजही सांगतो. नारळ आधी मुलाच्या बापाला द्यायचा असतो. पण उभं राहण्याचं तुमचं म्हणणं मला पटलं. न हलण्यात मला कोणी हरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज सकाळी यायला लागलात. गिरगावहून बसने. साखळी गेली, तिच्या जागी मऊ लांब दोरी आली. नियम एकच. दोरी ताणली गेली की आपण खांब. दोरी सैल झाली की चालायचं. ओरडायचं नाही, हिसका नाही, रव नाही, मेल्या तर नाहीच. पहिल्या दिवशी आम्ही बिल्डिंगच्या फाटकापासून पानवाल्यापर्यंत गेलो आणि तेवढ्यात ऊन चढलं. पानवाला म्हणाला, काका, काही हरवलंय का? मी तोंड उघडणार तोच तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तोंड मिटलं. कुत्र्याला शिकवताय की मला, असा मला संशय होता. आता खात्री आहे.

खाऊवरून आपलं पहिलं भांडण. बंड्या दोरी सैल ठेवून बाजूला चालला की त्याला लगेच काहीतरी द्यायचं होतं, म्हणजे त्याला कळतं की इथे चालण्यात फायदा आहे. तुम्ही उकडलेल्या रताळ्याचे तुकडे आणलेत. बंड्याने हुंगून तोंड फिरवलं. मी म्हटलं, हा लालबागचा कुत्रा आहे, रताळ्यासाठी काय म्हणून सुधारेल? दुसऱ्या दिवशी मी सुक्या बोंबलाचे तुकडे खिशात घालून आलो. तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तुम्ही पदर नाकाला लावलात. पण बंड्या माझ्या गुडघ्याला चिकटून असा चालला की जशी वरातीत घोडी. तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि तिसऱ्या दिवशी म्हणालात, द्या इकडे. आणि ती बोंबलाची पिशवी स्वतःच्या पर्समध्ये ठेवलीत. तुमच्या खिशात फार लवकर संपतात, म्हणालात. ती पर्स घेऊन तुम्ही रोज बसने गिरगावला परत जायचात. शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे बसते, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला हसू आवरेना. तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणालात, बरं आहे, खिडकी मिळते.

मला सावलीतून चालायचं असायचं, मैदानाच्या बाजूने. तुम्ही ऐकायचा नाहीत. पुढच्या रस्त्यानेच, उन्हात, आमच्या बिल्डिंगच्या खालून जायचं आणि तिथूनच परत फिरायचं. मी म्हणायचो, अहो, माणसं बघतात, म्हातारा-म्हातारी कुत्रा घेऊन पुतळ्यासारखी उभी. तुम्ही म्हणायचात, बघू देत. वरून कोणाला दिसायला हवं होतं ते मला फार उशिरा कळलं. आमच्या मेघनाची खिडकी त्या बाजूला आहे.

मग गणपतीचे दिवस आले. आमच्याकडे त्या दिवसांत फूटपाथवर पाय ठेवायला जागा नसते हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही आलात. म्हणालात, गर्दीत जमलं तरच जमलं. दर्शनाची खरी रांग तिकडे पलीकडच्या गल्लीतून वळत होती. आपण इकडे. वडापावच्या गाडीवर तळण पडत होतं आणि बंड्याने दोरी ताणली. आपण उभे राहिलो. आपण दोघे एकामागे एक, तोंडं एका दिशेला, कोणी बोलत नाही. थोड्या वेळाने माझ्या मागून एका बाईने विचारलं, रांग इथूनच का? मला बोलायला बंदी. मी गप्प. तिला वाटलं, हो. ती उभी राहिली. तिच्यामागे तिची माणसं, त्यांच्यामागे नारळ-हारवाले चौघे, त्यांच्यामागे कोण कोण. बंड्याची दोरी सैल झाली, आपण दोन पावलं पुढे गेलो. सगळी रांग दोन पावलं पुढे. बंड्याने परत ओढलं. आपण थांबलो, रांग थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, आज लवकर सरकतेय हो. मी मागे वळून बघितलं तर रांग पार दवाखान्याच्या पाटीपर्यंत गेली होती. तेवढ्यात एक कार्यकर्ता आला, गळ्यात बिल्ला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, ही लाइन कसली? नवसाची की मुखदर्शनाची?"

मी म्हटलं, कुत्र्याची.

तुमचे खांदे हलत होते. मग पर्स तोंडावर धरलीत, तिचा वास आला, आणि मग तर तुम्हाला उभं राहवेना. इतकं हसताना मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं. रांगेतले लोक चिडले, काही आपल्याबरोबर हसले. ती पहिली बाई मात्र रडकुंडीला आली. लांबून आली होती, सकाळपासून उपाशी, लेकीला मूल व्हावं म्हणून नवस बोलायचा होता. तिचा हात धरून तुम्ही तिला पलीकडच्या गल्लीत खऱ्या रांगेच्या टोकाशी नेऊन उभं केलंत. परत आलात तेव्हा हसू गेलेलं होतं.

बिल्डिंगच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसलो आपण. बंड्या तुमच्या पायावर डोकं टेकून पडला. मी विचारलं, तुम्ही केलात का हो नवस? नाही म्हणालात. केला आणि फळला नाही, तर मेघनाच्या डोक्यावर आणखी एक ओझं. मला वाटलं, विचारायची हीच वेळ. मी म्हटलं, मग माझ्या घरात जेवत का नाही? तेही ओझंच आहे तिच्या डोक्यावर. तुम्ही आलात, बाटली काढलीत की तिला आठवतं, अजून नाही, अजून नाही.

तुम्ही बंड्याचा कान कुरवाळलात. मग म्हणालात, "मला कळत नाही का ते? पण आता मी जेवले तर तिला काय वाटेल? आईनेपण आशा सोडली. न जेवून मी तिला दुखवतेय आणि जेवून जास्त दुखवीन. सांगा, काय करू?"

मी कधी कोणाला उत्तर दिल्याशिवाय राहिलेलो नाही. त्या दिवशी राहिलो. नंतर घरी बसून मला सुचलं की असं म्हणायला हवं होतं, तसं म्हणायला हवं होतं. आजही सुचतं. तुमचं चुकत होतं असं मला वाटतं. पण कुठे चुकत होतं, ते मला दाखवता येत नाही.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी वाद न घालता डबा आणला. मेघनाने सकाळी घावणे केले होते, तांदळाचे, आणि नारळाचा रस. माझ्यासाठी म्हणून डब्यात घातले आणि खाली आणले. कट्ट्यावर उघडून तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही म्हणालात, व्याहीबुवा, लेकीच्या घरचं आहे. मी म्हटलं, घर वर आहे. हा म्युनिसिपालिटीचा फूटपाथ आहे. तुम्ही डब्याकडे बघितलंत, फूटपाथकडे बघितलंत, वर मात्र बघितलं नाहीत. आणि एक घावणा उचललात.

मग ते रोजचं झालं. शिकवणी संपली की कट्टा. कधी घावणे, कधी शिरा, कधी पोळी आणि काकडीची कोशिंबीर. तुम्ही चावून चावून खायचात आणि मीठ कमी आहे की बरोबर, एवढंच म्हणायचात. मी वर जाऊन मेघनाला सांगायचो, आज मीठ बरोबर होतं. ती म्हणायची, हो का आबा. आपण दोघे कसले भाबडे होतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी संदेशने परीक्षा घेतली. मासळीबाजाराच्या तोंडापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोरी ताणता कामा नये, मग बंड्या राहील. मुलगा माझा, पण त्या दिवशी गिरणीतल्या साहेबासारखा हाताची घडी घालून उभा. दोरी मी तुमच्या हातात देत होतो. तुम्ही घेतली नाहीत. म्हणालात, कुत्रा तुमच्या घरात राहणार, माझ्या नाही. मी निघालो. सुरमईची पाटी गेली, कोलंबीची गेली. एका कोळणीने टाकलेली बांगड्याची डोकी फूटपाथवर पडलेली, तिथे बंड्याचं नाक खाली गेलं, दोरी लांबायला लागली, आणि मी उभा राहिलो. कोळीण म्हणाली, काय रे बाबा, वाट अडवून उभा काय? मी गप्प. विहीणबाई, तोंडात आलेलं मी गिळलं. बंड्याने त्या डोक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग मागे आला आणि माझ्या पायाला लागून उभा राहिला. दोरी खाली लोंबत होती.

संदेश मागून आला. त्याने मला नाही, तुम्हाला वाकून नमस्कार केला. भर बाजारात. बरोबर केलं त्याने. बदलापूरचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता तुम्हाला यायचं कारण नव्हतं. तरी तुम्ही येत राहिलात, आणि मीही विचारलं नाही का. कुत्रा शिकला, पण ज्याच्यासाठी शिकवला ते माणूस अजून वरच होतं. मी एकदा म्हटलं, हाक मारतो तिला, ये म्हणून. तुम्ही मला अडवलंत. तिला ओढू नका, म्हणालात. बघतेय ती. बघू द्या. आणि ती खरंच बघत होती. आधी खिडकीत उभी राहायची. मग मला विचारायला लागली, आबा, तो लिफ्टमध्ये गप्प बसतो का? मग एक दिवस दारापर्यंत आली, मग लिफ्टपर्यंत. एकदा खाली फाटकात आली, चप्पल घालून, आणि आपल्या दोघांकडे बघून परत गेली. तुम्ही त्या दिवशी काही खाल्लं नाहीत. डबा बंद करून म्हणालात, येईल हो. आता येईल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. सकाळी उठलाच नाहीत. माझ्या मते हे तुमच्या शिस्तीत बसत नाही. काम अर्धं टाकून जाणारी बाई तुम्ही नव्हे.

तेराव्याला मी तुमच्याकडे जेवलो. मुलाच्या बापाला सुनेच्या माहेरी जेवायला काहीच अडचण नाही, हे मला तुमच्या घरात बसून पहिल्यांदा विचित्र वाटलं. तुम्ही नेहमी माझ्या पानाशी उभ्या राहायचात, एक तरी घ्या व्याहीबुवा, आग्रह करून करून. त्या दिवशी कोणी आग्रह केला नाही. मी जेवढं वाढलं तेवढं खाऊन उठलो.

आता तुम्हाला जे सांगायचं त्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या रात्री आम्ही लालबागला परत आलो. टॅक्सीत मेघना माझ्या शेजारी होती. मी म्हटलं, पोरी, तुला एक सांगायचं राहिलंय, तुझी आई तुझ्या हातचं जेवायची. रोज. खाली कट्ट्यावर. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "माहीत आहे आबा. मला खिडकीतून दिसायचं. तुम्हाला घावणे दोन पुरतात. मी चार घालायचे."

विहीणबाई, मी डबा उघडायचो आणि चार का आहेत, हे मला कधी सुचलंच नाही. तुम्हाला तरी सुचलं होतं का? तुम्ही वर न बघता खायचात, म्हणून विचारतोय. मी तिला विचारलं, तुला वाईट नाही वाटलं, आई वर येऊन जेवत नाही म्हणून?  ती म्हणाली, आधी वाटायचं. पण ती खाली बसून खाताना इतकी खूश असायची, की नंतर मी सकाळ व्हायची वाट बघायचे. उद्या काय करायचं, आज मीठ कमी झालं की जास्त, हाच विचार.

म्हणजे तुमचं कोडं सुटलेलं होतं. तुम्ही जेवतही होतात आणि आशाही सोडली नव्हतीत, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. आपण दोघे तेवढे वाद घालत बसलो. तरी माझं म्हणणं तेच आहे, वर येऊन जेवायला हवं होतंत. या वादात मी माघार घेतलेली नाही. पण तुमचे उपकार मी मानतो. माझ्या घरातलं माणूस तुम्ही न ओढता बाहेर आणलंत, आणि मला इतक्या वयात गप्प उभं राहायला लावलंत. माझ्या कै. बायकोलाही ते कधी जमलं नव्हतं.

बाहेर आणलंत असं लिहिलं, ते चुकून नाही लिहिलं. परवाची गोष्ट. सकाळी मी बंड्याची दोरी घेतली, चप्पल घालत होतो. मेघना आतून आली, केस बांधलेले, पायात बूट. म्हणाली, आबा, आज मी नेते. मी म्हटलं, चल, मीपण येतो. ती म्हणाली, नको, तुम्ही बसा.

लिफ्टचं दार लागलं. मी तिच्या खोलीत जाऊन खिडकीशी उभा राहिलो. खाली ती फाटकातून बाहेर पडली, दोरी सैल, बंड्या बाजूला. पुलाच्या दिशेने वळली, ज्या सिग्नलला पडली होती तिकडेच. कोपऱ्यावर काहीतरी होतं, मांजर असेल, मला वरून दिसेना. बंड्याने झेप घेतली आणि दोरी ताठ झाली. मी खिडकीचा गज धरला.

मेघना उभी राहिली. लोक दोन्ही बाजूंनी जात होते, एक हातगाडीवाला ओरडत होता, आणि ती दोन्ही पाय जमिनीवर रोवून, दोरी पोटाशी धरून उभी होती. रडत असावी. एवढ्या उंचावरून कळत नाही. पण हलत नव्हती. मग बंड्या मागे वळला आणि तिच्याकडे आला, आणि ती वाकली, त्याच्या कानात काहीतरी बोलली, आणि दोघं सिग्नल ओलांडून पलीकडे गेली.

पलीकडचं मला खिडकीतून दिसत नाही.